सात धावांची श्रीमंती

क्रिकेटमध्ये नशिबाला मानानं बोलावतात. सामन्याआधी दोन कर्णधार, एक अधिकारी आणि एक नाणं असा छोटेखानी विधी होतो, नशीब आपला कौल देतं आणि उरलेला दिवस आपण "टॉस हरलो तिथंच सामना गेला" असं म्हणायला मोकळे होतो. बेसबॉलमध्ये हा विधी नाही. पाहुण्यांनी आधी बॅटिंग करायची, यजमानांनी नंतर; त्यात कोणाला काही विचारायचं नाही. आमंत्रण नाही म्हणून नशीब रुसून घरी बसत असेल असं वाटेल. तसं काही होत नाही. ते न बोलावता वसंत ऋतूच्या सुरुवातीला येतं आणि १६२ सामने मुक्काम ठोकतं. फक्त ते आलंय हे घरातलं कोणी कबूल करत नाही.

होय, १६२. अमेरिकेच्या मेजर लीगमधला प्रत्येक संघ एका मोसमात एवढे सामने खेळतो. सहा महिने, जवळजवळ रोज. इतके सामने झाल्यावर तरी दूध का दूध, पानी का पानी होईल, अशी कोणाचीही भाबडी समजूत होईल. अमेरिकेतल्या लोकांचीही शंभरेक वर्षं तशीच होती. मग काही मंडळी वही-पेन्सिल घेऊन बसली आणि दुधात पाणी किती याचा हिशेब मांडू लागली. तेव्हापासून तिथं जिंकणं सोपं राहिलेलं नाही. आधी प्रतिस्पर्ध्याला हरवावं लागतं आणि नंतर हिशेबनिसाला पटवावं लागतं.

माझा एक मावसभाऊ गेली कित्येक वर्षं मेरीलँडमध्ये असतो. मूळचा दादरचा, शिवाजी पार्कात धूळ खाल्लेला. तिकडे गेल्यावर बाल्टिमोर ओरिओल्स हा संघ त्याच्या पदरात पडला, जसा एखाद्याच्या पदरात वडिलोपार्जित वाद पडतो. या संघाची ख्याती काय वर्णावी? १९८८ साली त्यांनी मोसमातले पहिले २१ सामने ओळीनं हरून दाखवले होते. १९९६च्या प्लेऑफमध्ये न्यूयॉर्कला ते ४-३ असे पुढे असताना प्रतिस्पर्धी यांकीजच्या डेरेक जीटरनं उंच मारलेला चेंडू कुंपणाजवळ झेलला जाणार, तेवढ्यात प्रेक्षकांतल्या १२ वर्षांच्या एका मुलानं हात पुढे करून तो आत ओढला. अंपायरनं होमरन दिला, बरोबरी झाली आणि ओरिओल्स अकराव्या इनिंगमध्ये हरले. नंतर १९९८ ते २०११ अशी सलग चौदा वर्षं त्यांनी जिंकले त्यापेक्षा जास्त सामने हरले. दादा मात्र नारिंगी टोपी घालून बसायचाच. वहिनी म्हणायच्या, "ह्यांना बीपीची गोळी आणि ओरिओल्स, दोन्ही आयुष्यभर घ्यायचं सांगितलंय."

आणि मग २०१२ साल उजाडलं. आदल्या वर्षी ओरिओल्स ६९ जिंकले होते आणि ९३ हरले होते. या वर्षी ते ९३ जिंकले आणि ६९ हरले. जणू कोणी पाटी उलटी टांगली. दादाच्या घरी दिवाळी ऑक्टोबरच्या आधीच झाली. फटाक्यांची वात ओली करायला घरातलीच व्यक्ती निघाली, त्याची मुलगी. ती तेव्हा कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होती.

"बाबा, खरं सांगू? हा संघ ८२ सामन्यांचा आहे."

"अगं, ९३ जिंकलेत. सगळ्या अमेरिकेनं पाहिलंय."

"जिंकलेत ९३. पण आहेत ८२चे."

"मग वरचे अकरा काय शेजाऱ्यांनी आणून दिले?"

"नशिबानं दिले."

"नशीब बॅट घेऊन उभं राहतं का गं?"

तिनं मग त्याला बिल जेम्सची गोष्ट सांगितली. हा गृहस्थ कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी डबाबंद पोर्क आणि बीन्सच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी होता. बीन्स चोरायला फारसं कोणी येत नसावं, कारण पाळीत त्यानं बेसबॉलच्या आकड्यांचा फडशा पाडला आणि १९७७ साली पदरमोड करून आपलं पहिलं पुस्तक छापलं. पुढे बोस्टन रेड सॉक्स या संघानं त्याला सल्लागार म्हणून नोकरीवर ठेवलं, म्हणजे बीन्सवरची नजर शेवटी खेळाडूंवर आली. त्याचं एक सूत्र असं: संघानं केलेल्या धावांचा वर्ग करा, दिलेल्या धावांचा वर्ग करा आणि दोन्हींच्या बेरजेनं पहिल्या वर्गाला भागा. संघानं शंभरात किती सामने जिंकायला हवे होते ते कळतं. आता ओरिओल्सचं बघा. अख्ख्या मोसमात त्यांनी ७१२ धावा केल्या आणि ७०५ दिल्या. सहा महिने राबून शिल्लक सात धावा! सूत्रात घातलं की उत्तर येतं ८२ विजय. ऑगस्ट संपत आला तरी धावांचं हे खातं तोट्यातच होतं, तरीही संघ विजयावर विजय मिळवत होता. एखाद्या पेढीचा असा ताळेबंद असता तर तपासनीस दारात उभे राहिले असते.

सात धावांत ९३ विजय कसे बसवायचे? युक्ती सोपी आहे. जिंकायचं ते एका धावेनं, हरायचं ते सढळ हातानं. एका धावेच्या फरकानं लागलेल्या सामन्यांत ओरिओल्सनी २९ जिंकले आणि फक्त नऊ हरले. नऊ इनिंगमध्ये निकाल लागला नाही की बेसबॉलमध्ये जादा इनिंग खेळतात. तिथं त्यांनी मोसमातले पहिले दोन सामने गमावले आणि मग ओळीनं सोळा जिंकले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकदा गाठ पडली तर योगायोग म्हणता येतो. सोळा वेळा पडली की लोक कावळ्याचा सत्कार करतात.

दादानंही तेच केलं. "याला म्हणतात जिगर! शेवटच्या क्षणी डोकं थंड ठेवतात पोरं. मॅनेजर कोण आहे? बक शोवॉल्टर. उगाच नाही."

पोरगी म्हणाली, "बरं. समज तीस संघ नाहीतच, तीस नाणी आहेत. प्रत्येक नाणं १६२ वेळा उडवायचं. छापा पडला की जिंकलं. सरासरी ८१. पण तिसातलं सगळ्यात नशीबवान नाणं कुठवर जाईल?"

दादानं शिवाजी पार्कच्या अनुभवावरून अंदाज केला, "पंच्याऐंशी?"

"चौऱ्याण्णवच्या आसपास."

दादानं मनातल्या मनात वजाबाकी केली. नाणं त्याच्या संघाच्या एक सामना पुढे होतं.

मला या नाण्याबद्दल आजही कुतूहल वाटतं. त्याला मॅनेजर नाही, प्रशिक्षक नाही, आहारतज्ज्ञ नाही. पण ९४ सामने जिंकल्यावर त्याची मुलाखत घेतली असती तर ते काय म्हणालं असतं हे मी आत्ता सांगतो. "आम्ही निकालाचा विचार केला नाही. एका वेळी एकच उडी. हवेत असताना शांत राहिलो. श्रेय सगळ्या टीमचं." वार्ताहरांनी त्याच्या बालपणावर लेख लिहिले असते आणि ६८ सामने जिंकलेल्या नाण्याच्या मॅनेजरला काढून टाकलं असतं.

पण मुलीचं सगळं मान्य करून एक सांगायला हवं: संघ ही नाणी नव्हेत. खऱ्या गुणतक्त्यात अव्वल आणि तळाचा संघ यांच्यातलं अंतर नुसत्या छाप्या-काट्यातून येईल त्यापेक्षा बरंच मोठं असतं. ते वरचं अंतर गुणांचं. सहाएक सामने इकडेतिकडे मात्र निव्वळ छाप्या-काट्याचे आहेत, आणि गंमत अशी की गुणी संघालाही ते सुटत नाहीत. बेसबॉलचा चेंडू आहेच तसा. बॅटरनं जीव खाऊन हाणलेला चेंडू थेट एखाद्या क्षेत्ररक्षकाच्या ग्लव्हमध्ये जाऊन बसतो आणि बॅटच्या कडेला लागून केविलवाणा उडालेला चेंडू तिघांच्या मधोमध टपकतो. तिघं एकमेकांकडे बघतात, बॅटर बेसवर पोचतो आणि पिचरच्या नावावर आणखी एक हिट लागते. वोरोस मॅक्रॅकन नावाच्या एका चिकित्सकानं तर असा बॉम्ब टाकला होता की, होमरन वगळता बॅटला लागून मैदानात पडलेल्या चेंडूचं पुढे काय होतं यावर पिचरचा ताबा फारच थोडा असतो. असे शंभरातले तीसेक चेंडू हिट ठरतात, मग पिचर थोर असो की बेताचा. पिचर लोकांनी हे ऐकून घेतलं नाही. कोण ऐकेल? करोडो डॉलर पगार घेणाऱ्या माणसाला "तुमचं निम्मं यश तिसऱ्या बेसवरचा गडी कुठं उभा होता यावर आहे" असं सांगण्याची ही पद्धत झाली का?

दादाची बाजूही पोकळ नव्हती. तो म्हणे, एका धावेचा सामना म्हणजे काय लॉटरी आहे? शेवटच्या इनिंगमध्ये आघाडी राखायला खास पिचर ठेवतात, त्याला क्लोजर म्हणतात. ओरिओल्सचा जिम जॉन्सन त्या वर्षी ५१ वेळा आघाडी राखून बाहेर आला. त्याच्या आधी येणारे पिचरही तगडे. दमलेला गडी खाली नॉर्फोकच्या संघात धाडायचा, ताजा वर आणायचा, हे चक्र मॅनेजर आणि वरचे साहेब डॅन ड्युकेट यांनी अखंड फिरतं ठेवलं. ऑगस्टमध्ये मॅनी मचाडो नावाचा वीस वर्षांचा पोरगा आणून तिसऱ्या बेसवर उभा केला आणि तो तिथं जन्मल्यासारखा खेळला. याला नशीब म्हणायचं? सुनेची पुरणपोळी फुटली तर तिचा हात वाईट आणि जमली तर डाळ चांगली निघाली, असा हा हिशेब झाला!

दोघांचं ऐकून मला एकच दिवस आठवत राहतो, ६ मे २०१२. बोस्टनचं फेनवे पार्क. सामना सतराव्या इनिंगपर्यंत गेला, सहा तासांहून जास्त चालला. ओरिओल्सकडे क्रिस डेव्हिस नावाचा धिप्पाड बॅटर होता. त्या दिवशी त्यानं आठ वेळा बॅट हातात घेतली. हिट शून्य. पाच वेळा स्ट्राइकआऊट. पाच वेळा तिथून डगआऊटपर्यंत चालत येताना माणूस काय विचार करत असेल? बहुधा आज माझ्या हातून आणखी काही वाईट होणार नाही, एवढाच. तेवढ्यात पिचर संपले. एकूण एक वापरून झाले. शोवॉल्टरनं इकडे-तिकडे पाहिलं आणि ज्याच्या हातून आज काहीही धड झालं नव्हतं त्या डेव्हिसला चेंडू दिला. दिवाळखोराला तिजोरीची किल्ली द्यावी, तसा.

डेव्हिसनं दोन इनिंग पिचिंग केलं आणि एकही धाव दिली नाही. एड्रियन गोन्झालेससारखा बडा बॅटर त्याच्यासमोर स्ट्राइकआऊट झाला. बोस्टनचेही पिचर संपल्यामुळे त्यांनी डार्नेल मॅक्डोनल्ड या आउटफिल्डरला पिचिंगला लावलं. त्याला अ‍ॅडम जोन्सनं तीन धावांचा होमरन मारला. ओरिओल्स ९-६ असे जिंकले आणि नियमानुसार विजयी पिचर म्हणून नाव लागलं क्रिस डेव्हिसचं.

सांगा आता, हा विजय कोणत्या रकान्यात मांडायचा? डेव्हिसच्या पिचिंगला गुण म्हणावं, तर त्याचा धंदा तो नव्हे. नशीब म्हणावं, तर गोन्झालेसला नशिबानं चकवलं नाही, चेंडूनं चकवलं. आणि डेव्हिसला तिथं उभं करण्याची वेळ आली, कारण बॅट हातात असताना तोच पुन्हा पुन्हा अपयशी ठरल्यामुळे सामना लांबला. स्वतःच लावलेली आग स्वतःच विझवल्याबद्दल शौर्यपदक मिळालेला माणूस होता तो. ९३पैकी एक विजय या पदकाचा आहे आणि तक्त्यात तो इतर ९२ विजयांच्या शेजारी ताठ मानेनं उभा आहे. गुणतक्त्यात दोनच रकाने असतात, जिंकले आणि हरले. "लायकी होती का?" असा तिसरा रकाना छापायची कोणाची हिंमत झालेली नाही.

तसा रकाना असता तर भल्याभल्यांची पंचाईत झाली असती. १९८७चे मिनेसोटा ट्विन्स मोसमात ७८६ धावा करून ८०६ देऊन बसले होते, म्हणजे वीस धावांचं कर्ज. परगावी ते ५२ सामने हरले. पण घरच्या मैदानावर त्यांना हरवणं महाकठीण, आणि अंतिम मालिकेतले सातपैकी चार सामने घरी होते. चारही जिंकले, तिन्ही परगावचे हरले आणि कर्जबाजारी माणूस जगज्जेता झाला. उलट १९०६च्या शिकागो कब्जनी १५२ निकाली सामन्यांपैकी ११६ जिंकले आणि अंतिम मालिकेत ज्यांच्याकडून मार खाल्ला ते गावातलेच व्हाइट सॉक्स आपल्या लीगमध्ये बॅटिंगच्या सरासरीत शेवटचे होते. नशिबाला १६२ सामन्यांत थोडी तरी लाज असते. पाच-सात सामन्यांच्या मालिकेत ते अंगावरचं पांघरूण फेकून देतं. दर शंभरातले ५५ सामने जिंकण्याइतका सरस संघ पाच सामन्यांची मालिका शंभरात चाळीसेक वेळा हरतो, हे साधं गणित आहे.

२०१२चे ओरिओल्सही त्या दारातून गेले. एका सामन्याच्या बाद फेरीत टेक्सासला ५-१ असं हरवलं आणि पाच सामन्यांच्या मालिकेत समोर आले यांकीज. तिसऱ्या सामन्यात जॉन्सननं नवव्या इनिंगमध्ये राउल इबान्येसला होमरन दिला. बदली म्हणून आलेल्या या चाळिशीच्या गड्यानं बाराव्यात आणखी एक मारून सामना संपवला. जादा इनिंगचे राजे जादा इनिंगमध्ये आणि तेही एका धावेनं हरले. पाचव्या सामन्यात नेट मॅक्लाउथनं उजवीकडे मारलेला उंच चेंडू फाउलच्या खांबाला किंचित लागला की नाही, म्हणजे होमरन होता की नाही, यावर अख्खं बाल्टिमोर आजही भांडतं. पंचांनी रिप्ले पाहिला आणि फाउल कायम ठेवला. गाव तेच, बाजूही तीच. १९९६ला मुलाचा हात होता, या वेळी खांब होता. तो सामना ३-१ असा हरून ओरिओल्स घरी गेले. नशिबानं सहा महिने उधारी दिली आणि वसुलीला नेमकं न्यूयॉर्क निवडलं.

२०१३ साली मुलीचा हिशेब खरा ठरू लागला. एका धावेच्या सामन्यांत २९-९ची जागा २०-३१नं घेतली. जॉन्सननं पन्नास वेळा आघाडी राखली खरी, पण हातातोंडाशी आलेले घासही बरेच घालवले. सगळी जिगर हिवाळ्यात कुठं गेली ते कळलं नाही. संघ ८५ जिंकला. मुलीनं "मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही. ती म्हणाली, "रिग्रेशन." म्हणजे सरासरीकडे परत येणं. दादाला ते जास्त लागलं.

पण थांबा. २०१४ साली हाच संघ, हाच मॅनेजर ९६ सामने जिंकून विभागात पहिला आला, आणि या वेळी शिल्लक ११२ धावांची होती. सूत्रालाही मान डोलवावी लागली. म्हणजे २०१२ची सात धावांची श्रीमंती कर्जाची होती हेही खरं आणि त्या घरात खरंच कमावती माणसं होती हेही खरं. दादा आणि त्याची मुलगी दोघंही बरोबर ठरली आणि घरातल्या वादाची कायमची सोय झाली.

मला विचाराल तर हा वाद खेळाबद्दल नसतोच. तो श्रेयाच्या वाटपाबद्दल असतो, आणि वाटपात रस कोणाला असतो? ज्याला पुढे पैसे मोजायचे आहेत त्याला. प्रेक्षकानं चौदा वर्षं हरणं सोसल्यावर मिळालेला विजय नशिबाचा की गुणांचा हे पारखून घ्यायचं कारण नाही. त्याला तो कुठं विकायचाय? मालकाला मात्र पारखून घ्यावाच लागतो, आणि नेमका तोच प्रेक्षकासारखा भारावतो. २०१३च्या जानेवारीत ओरिओल्सनी शोवॉल्टर आणि ड्युकेट या दोघांचेही करार थेट २०१८पर्यंत वाढवले. डेव्हिसनं २०१३ला ५३ होमरन ठोकले, २०१५ला ४७. मग २०१६च्या आरंभी त्याच्यापुढे सात वर्षांचा, १६ कोटी १० लाख डॉलरचा करार ठेवला. २०१८ला त्याची सरासरी .१६८वर आली. त्या सप्टेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत ओळीनं ५४ वेळा तो हिटविना परतला, जो पिचर नसलेल्या खेळाडूंमधला विक्रम आहे. ते ग्रहण सुटलं पुन्हा फेनवे पार्कवरच. ५३ होमरन मारणारा खरा की ५४ वेळा रिकामा परतणारा? दोन्ही तोच. करार मात्र कायम पहिल्याशी होतो आणि पगार दुसरा घेऊन जातो.

त्याच २०१८ साली ओरिओल्स ११५ सामने हरले. जिंकले फक्त ४७. मोसम संपला त्या आठवड्यात मी फोन केला तेव्हा दादा बोलायच्या मनःस्थितीत नव्हता. पलीकडे मुलगी होती, आता नोकरीला लागलेली, सुट्टीला घरी आलेली. तिनं बापाचा चेहरा बघून सवयीनं कागद ओढला. केलेल्या धावा ६२२, दिलेल्या ८९२. वर्ग, बेरीज, भागाकार.

"बाबा, हिशेबानं आपण ५३ जिंकायला हवे होते. सहा सामने नुसते नशिबानं गेले."

दादा एकदम ताठ बसला असावा, कारण आवाज बदलला. "बघ! मी काय म्हणतोय मघापासून? संघ इतका वाईट नाहीये." मग मला म्हणाला, "त्या बीन्सवाल्याचं काय रे नाव? बिल जेम्स. हुशार माणूस. त्याचं पुस्तक मिळतं का बघ तिकडे."